मापाची वही कोणाच्या हाती?

आपण विज्ञानयुगात राहतो, हे वाक्य महाविद्यालयांच्या अंकांतून इतक्या वेळा छापले गेले आहे की ते दिसताच डोळा आपोआप पुढच्या ओळीवर जातो. तेव्हा त्या युगाची स्तुती किंवा निंदा करण्याच्या भानगडीत न पडता त्यातल्या एकाच वस्तूविषयी येथे लिहायचे ठरवले आहे. ही वस्तू म्हणजे आभासी वास्तवाचा हेडसेट. पाणबुड्याच्या चष्म्यासारखी डोळ्यांवर गच्च बसणारी ही पेटी आतल्या भिंगांतून दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रे दाखवते, आणि आपण मान वळवली की त्या चित्रातले जगही त्या बेताने फिरवते. आपण असतो खोलीत. डोळ्यांना मात्र वाटते की आपण समुद्राच्या तळाशी, नाहीतर मानवी हृदयाच्या कप्प्यात उभे आहोत. या पेटीचे गरीब भाऊबंद आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. २०१४ साली गूगलने पुठ्ठ्याचा खोका काढला होता. त्यात मोबाइल सरकवला की काम भागे. २०२३ साली जिओने क्रिकेट पाहण्यासाठी त्याच जातीचा खोका १,२९९ रुपयांना विकायला आणला. आज ज्याला हेडसेट म्हणतात तो मात्र स्वतःच एक संगणक असतो. त्याला बाहेर पाहणारे कॅमेरे असतात, आणि काही महागड्या संचांत तर आत, थेट आपल्या डोळ्यांकडे पाहणारेही असतात.

या वस्तूविषयी लिहिणारे बहुधा दोनच गोष्टी सांगतात: ती किती अद्भुत आहे, किंवा ती तरुण पिढीला किती बिघडवणार आहे. मला यांपैकी कशातच फारसा रस नाही. मला प्रश्न पडतो तो वेगळा. उद्याचा हेडसेट कसा असावा, हे ठरवतो कोण? कारखानदार म्हणतो, वापरणारे ठरवतात. आम्ही फक्त त्यांची माहिती गोळा करून त्याप्रमाणे बदल करतो. हे उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. वापरणाऱ्यांची माहिती दोन वाटांनी जाते. एक वाट म्हणजे माणूस तोंड उघडून सांगतो ती: टोचते, चक्कर येते, हे मला नको. दुसरी म्हणजे त्याला न विचारता, किंवा विचारल्यासारखे करून, त्याच्या अंगावरून उतरवून घेतली जाते ती. माझे म्हणणे असे की हेडसेटमध्ये माणसाच्या सोयीच्या ज्या ठळक सुधारणा झाल्या, त्या मुख्यतः पहिल्या वाटेने आल्या. आणि धंद्याची ओढ मात्र दुसऱ्या वाटेकडे आहे.

खडेबाजारातल्या एखाद्या शिंप्याकडे आपण कपडा टाकतो तेव्हा तो गळ्यातली टेप काढून छाती, खांदा, बाही मोजतो आणि वहीत लिहितो. त्याशिवाय सदरा अंगाला बसायचा नाही हे कळते, म्हणून आपण निमूटपणे हात वर करून उभे राहतो. पुढच्या खेपेला तो तीच वही उघडून ‘कंबर वाढली की हो’ म्हणतो, तेही हसून घेतो. पण हीच वही त्याने शेजारच्या मिठाईवाल्याला, विम्याच्या एजंटाला आणि लग्ने जुळवणाऱ्याला भाड्याने वाचायला दिली, तर? मापे घेऊ नयेत असे कोणी शहाणा म्हणणार नाही. वही कोणाच्या हाती आहे, एवढाच प्रश्न आहे.

मापे नीट न घेतल्याने काय होते, ते आधी पाहू. कारण माहिती गोळा करण्याला सरसकट विरोध करणाऱ्यांना हे ठाऊक नसते. माणसाच्या दोन बाहुल्यांमधले अंतर सारखे नसते. बहुतेक प्रौढांत ते ५० ते ७५ मिलिमीटरांच्या दरम्यान असते आणि स्त्रियांत ते सरासरीने पुरुषांपेक्षा थोडे कमी असते. हेडसेटची भिंगे या अंतराशी जुळली नाहीत तर चित्र अंधूक दिसते, डोळ्यांवर ताण येतो आणि मळमळते. आता या धंद्याचा इतिहास पाहा. अमेरिकेत २०१२ साली पामर लकी या तरुणाने लोकवर्गणीतून सुमारे २४ लाख डॉलर उभे करून ऑक्युलस हा हेडसेट उभा केला. २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी सुमारे २०० कोटी डॉलरांना घेतली. २०१६ साली बाजारात आलेल्या त्यांच्या रिफ्ट या संचात भिंगे अलीकडे-पलीकडे सरकवण्याची सोय होती. २०१९ च्या रिफ्ट एसमध्ये ती सोय काढून टाकली. भिंगे एका जागी पक्की. तोपर्यंत कंपनीबाहेर पडलेल्या खुद्द लकीनेच जाहीर तक्रार केली की, माझ्या डोळ्यांतले अंतर ७० मिलिमीटरच्या आसपास, मला हा चालत नाही! ज्याने वस्तू जन्माला घातली त्यालाच ती बसेना, हा विनोद कोणी रचला असता तर आपण त्याला अतिशयोक्ती म्हटले असते.

पण खरी झळ लागत होती ती दुसऱ्यांना. आभासी वास्तवात स्त्रियांना चक्कर आणि मळमळ जास्त होते, असे कैक वर्षे निरीक्षण होते, आणि त्याची कारणे स्त्रीच्या शरीरात शोधली जात होती. २०२० मध्ये के स्टॅनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की फरकाचे मोठे कारण भिंगांच्या अंतरात आहे: त्यांनी वापरलेल्या हेडसेटमधले कमीत कमी अंतरही अनेक स्त्रियांना जास्त पडत होते. ज्या स्त्रियांच्या डोळ्यांशी भिंगे जुळली, त्यांना होणारा त्रास पुरुषांइतकाच होता. म्हणजे दोष डोक्यात नव्हता, टोपीत होता. ज्यांची मापे गृहीत धरली त्यांना टोपी बसली. ज्यांची धरली नाहीत त्यांनाच वर ‘तुम्हाला सोसत नाही’ असे ऐकावे लागले. पुढे क्वेस्ट २ मध्ये ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर असे तीन टप्पे आले आणि २०२३ च्या क्वेस्ट ३ मध्ये ५८ पासून ७१ पर्यंत फिरवता येणारे चाक आले. ५८ च्या खालचे डोळे असणाऱ्यांनी काय करायचे, हे अजून शिल्लकच आहे.

आपल्या देशातही हीच अडचण तयार कपड्यांच्या बाबतीत होती. शर्टाच्या कॉलरमागची इंग्रजी अक्षरे परदेशी अंगांवरून ठरलेली. म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने ‘इंडियासाइझ’ ही पाहणी हाती घेतली. १५ ते ६५ वयोगटातल्या सुमारे २५ हजार स्त्रीपुरुषांची मापे देशाच्या निरनिराळ्या भागांत घ्यायची, असा तिचा बेत. येथे माणूस यंत्रासमोर उभा राहतो तो मापे देण्यासाठीच, आणि कशासाठी देतो आहे हे जाणून. मोजण्याची ही रीत मला मान्य आहे.

तोंड उघडून सांगितल्याने काय होते याचे आणखी एक उदाहरण आहे, आणि ते अगदी साधे, म्हणजे खाज सुटण्याचे आहे. २०२० च्या शेवटी क्वेस्ट २ बाजारात आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याला टेकणाऱ्या स्पंजाने काही जणांच्या कातडीवर चट्टे उठू लागले. लोकांनी लिहून कळवले. एकाने कळवले असते तर त्याचीच कातडी नाजूक ठरली असती. पण जुलै २०२१ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने जाहीर केले तेव्हा अशा ५,७१६ तक्रारी जमल्या होत्या आणि सुमारे ४५ जणांना डॉक्टरकडे जावे लागले होते. केवळ अमेरिकेतच सुमारे ४० लाख संचांचा तो स्पंजाचा भाग परत बोलावण्याच्या यादीत आला, विक्री काही काळ थांबली आणि कंपनीला सिलिकॉनचे आवरण फुकट वाटावे लागले. या सगळ्या प्रकरणात आतल्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या नोंदींचा काडीचा उपयोग नव्हता. खाज कॅमेऱ्याला दिसत नाही. ती ज्याला सुटते त्यानेच सांगावी लागते.

न बोलताही लोक कधी कधी सांगतात. मोबाइल खोक्यात घालून पाहण्याची गूगलची डेड्रीम ही योजना ऑक्टोबर २०१९ मध्ये बंद झाली, कारण लोक तो खोका वापरेनात. तोच मोबाइल निरोप पाठवायला हवा, फोन घ्यायला हवा. तो पेटीत कोंडून कोण बसणार? कंपनीनेही साधारण हेच कारण दिले. लोकांनी वस्तू फळीवर टाकून देणे, हेही एक मतदानच आहे.

आता दुसऱ्या वाटेकडे वळू.

हेडसेटला चित्र बरोबर फिरवायचे तर आपले डोके आणि दोन्ही हात कोठे आहेत हे क्षणाक्षणाला कळावेच लागते. प्रत्येकाची जागा सांगायला तीन आकडे आणि वळण सांगायला तीन; डोके आणि दोन हात मिळून अठरा. हे माप सेकंदाला ९० वेळा घेतले, तर वीस मिनिटांत किती नोंदी होतात? वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन गुणाकार करावा: १९ लाख ४४ हजार. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी २०१८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात हाच हिशेब मांडून विचारले होते की, या नोंदींचे पुढे काय होते?

काय होऊ शकते, ते दोन वर्षांनी त्यांच्याच चमूने दाखवले. ५११ माणसांना हेडसेट घालून चित्रफिती दाखवल्या. काही खेळायचे नव्हते, जिंकायचे नव्हते; बसल्या-उभ्या नुसते पाहायचे. माणशी पाच मिनिटांहूनही कमी काळाच्या हालचाली यंत्राला शिकवल्यावर यंत्राने शंभरातल्या ९५ जणांना बरोबर ओळखले. नाव नाही, चेहरा नाही, आवाज नाही. फक्त मान कशी वळते आणि हात कोठे राहतो. आपल्याला यात नवल वाटायला नको. जिन्यावरच्या पावलांवरून घरात कोण आले हे आई स्वयंपाकघरातून सांगतेच. फरक असा की आई घरातल्या पाच जणांनाच ओळखते.

यंत्र किती जणांना ओळखते? बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील विवेक नायर आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये त्याचे उत्तर दिले. बीट सेबर नावाचा एक खेळ आहे. गाण्याच्या तालावर अंगावर येणारे ठोकळे दोन्ही हातांतल्या तलवारींनी कापायचे असतात. खेळाडू आपले गुण मिरवण्यासाठी आपल्या खेळाच्या नोंदी स्वतःहून सार्वजनिक गुणफलकावर चढवतात. अशा ५५,५४१ खेळाडूंच्या नोंदी घेतल्या. कोणत्याही एका खेळाडूच्या १०० सेकंदांच्या हालचाली दिल्या की हजारो-हजारांच्या त्या गर्दीतून यंत्र त्याला शंभरात ९४ वेळा अचूक उचलून काढी. १० सेकंदच दिले तरी शंभरात ७३ वेळा. आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावाची वस्ती डोळ्यांसमोर आणा, म्हणजे ५५ हजार हा आकडा कळेल. गुण मिरवणाऱ्या त्या पोरांना आपण तलवारीबरोबर ओळखपत्रही फिरवतो आहोत, हे ठाऊक नव्हते. ठाऊक असण्याचे कारणही नव्हते.

याच संशोधकांनी आणखी एक खेळ स्वतः रचला होता. वरवर पाहता तो कोडी सोडवून खोलीबाहेर पडण्याचा साधा खेळ. प्रत्यक्षात प्रत्येक कोडे खेळणाऱ्याचे एकेक माप काढण्यासाठी ठेवलेले. ३० माणसांवर तो वापरून पाहिला, तेव्हा काही मिनिटांत उंची, हातांचा पसारा, वय, लिंग, खोलीचा आकार अशा २५ हून अधिक गोष्टींचा अंदाज बांधता आला. खेळणाऱ्याला वाटले, आपण खेळलो.

येथे कोणी म्हणेल की हे सारे प्रयोगशाळेतले आहे. कंपन्या असे करतात असा पुरावा काय? रास्त प्रश्न आहे, आणि मी कोणत्याही कंपनीवर चोरीचा आरोप करत नाही. पण धंद्याचा हिशेब सर्वांसमोर आहे. फेसबुकचे, म्हणजे आताच्या मेटाचे, जवळजवळ सारे उत्पन्न जाहिरातींतून येते. हेडसेट बनवणाऱ्या त्यांच्या विभागाला एकट्या २०२४ सालात सुमारे १,७७० कोटी डॉलरांचा तोटा झाला. हेडसेट आम्ही उत्पादनखर्चाला किंवा त्याहूनही कमी दराने विकू, असे मार्क झुकरबर्ग यांनी २०२१ मध्ये उघडपणे सांगितले. आता एखादा दुकानदार वर्षानुवर्षे तोट्यात माल विकत असेल, तर आपल्या बाजारपेठेतले लहान पोरही विचारील, की मग हा खातो कशावर? मोबाइलला एवढेच कळते की आपण कशावर बोट ठेवले. डोळ्यांकडे पाहणाऱ्या हेडसेटला हेही कळू शकते की बोट ठेवण्याआधी आपण काय काय पाहिले, कशावर नजर रेंगाळली आणि कशावरून झटकन काढून घेतली. जाहिरातदाराला याहून गोड फळ कोणते?

या दिशेने पावले टाकून पाहिली गेली आहेत, आणि ती मागे घ्यावी लागली तीही बोलणाऱ्या लोकांमुळेच. २०२० च्या ऑक्टोबरपासून नव्या ग्राहकाला हेडसेट वापरायचा तर फेसबुकचे खाते हवेच, असा नियम झाला. लोक चिडले. जर्मनीत त्या आधीच विक्री थांबवण्यात आली होती, आणि डिसेंबरात तेथल्या स्पर्धाविषयक सरकारी कार्यालयाने चौकशी सुरू केली. शेवटी २०२२ मध्ये फेसबुकपासून वेगळे खाते काढण्याची सोय कंपनीने दिली. २०२१ च्या जूनमध्ये ब्लास्टन या खेळात जाहिराती दाखवण्याचा प्रयोग जाहीर झाला. पैसे देऊन खेळ विकत घेतलेल्या लोकांनी इतकी ओरड केली की खेळ बनवणाऱ्यांनी काही दिवसांतच अंग काढून घेतले. हेडसेटचे भवितव्य घडवणारी माहिती म्हणायची, तर मी याला म्हणेन.

सगळ्याच कंपन्या एका माळेच्या मणी नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ॲपलने फेब्रुवारी २०२४ मध्ये ३,४९९ डॉलरांचा व्हिजन प्रो काढला. त्यात बोटांऐवजी नजरेनेच वस्तू निवडायची असते; परंतु नजर कोठे कोठे फिरली हे यंत्राच्या आतच राहते, आणि बोटांची चिमूट करून निवड पक्की केली म्हणजे तेवढीच बाहेरच्या कार्यक्रमाला कळते. बेत चांगला होता. तरीही त्याच वर्षी संशोधकांनी त्यात फट दाखवली. दूरदृश्य बैठकीत आपल्या जागी जी आपली आभासी प्रतिमा दिसते, तिचे डोळे आपल्या डोळ्यांप्रमाणे हलत; ते पाहून, समोरचा माणूस नजरेने कोणती अक्षरे टंकित करतो आहे याचा अंदाज बांधता येत होता. कंपनीने ती फट बुजवली. दार लावले तरी खिडकी राहते ती अशी. म्हणून यंत्रावरच्या विश्वासाबरोबर बाहेरून तपासणारा कोणीतरी हवाच असतो. बर्कलीच्या त्या संशोधकांनी उपायही सुचवला आहे: हालचालींच्या आकड्यांत मुद्दाम थोडी थोडी चूक मिसळायची, म्हणजे खेळ चालतो पण खेळणारा ओळखू येत नाही. उपाय आहेत. ते कारखान्यातून निघतानाच बसवून का येत नाहीत, हे विचारायचे कोणी?

‘मला लपवण्यासारखे काय आहे?’ हे वाक्य या विषयावर बोलताना हमखास ऐकू येते. लपवण्याचा प्रश्न नाही. परवलीचा शब्द चोरीला गेला तर बदलता येतो. चाल कशी बदलणार? हालचालींवरून आजारांची लक्षणे लवकर ओळखण्याचे संशोधन चालू आहे, आणि ते व्हावेच. पण माझ्या हाताचा कंप माझ्या आधी नोकरी देणाऱ्याला कळला, तर त्याला विज्ञानाची प्रगती म्हणावे काय? आणि आपण सीमाभागातले लोक. मोजणी ही निरुपद्रवी गोष्ट असते असे निदान आपल्याला तरी कोणी सांगू नये. शिरगणतीत मातृभाषेच्या रकान्यात पडलेले आकडे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालापर्यंत आणि त्यानंतरही दोन्ही बाजूंनी पुढे केले गेले. त्या वादात शिरण्याची ही जागा नव्हे. या अंकाची मराठी आणि कन्नड पाने एकाच दोऱ्याने शिवलेली आहेत. एवढेच म्हणायचे आहे की मोजणारा कोण आणि कशासाठी मोजतो, हे विचारण्याची सवय आपल्या वाडवडिलांना होती.

कायद्याने या सवयीला आता थोडा आधार दिला आहे, आणि त्यात कर्नाटकाच्या एका माणसाचा वाटा आहे. कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झालेले न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी वयाची ऐंशी ओलांडल्यावर, २०१२ साली, आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यातूनच २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पुढे २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास त्यांत १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. या कायद्यात आपल्या उपयोगाचे एक कलम असे की, कोणती माहिती कशासाठी घेतो ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय ग्राहकाला द्यावी लागते. मराठी आणि कन्नड या दोन्ही त्या परिशिष्टात आहेत. संमती जितक्या सहजतेने दिली तितक्याच सहजतेने ती मागे घेता आली पाहिजे, असेही कायदा म्हणतो.

उणिवाही आहेत. युरोपच्या कायद्यात माणूस ओळखण्यासाठी वापरलेल्या शारीरिक मापांना विशेष संरक्षण आहे. आपल्या कायद्याने तसा नाजूक माहितीचा वेगळा वर्गच केलेला नाही. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास बंदी आहे, पण नियमांनी शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती त्यातून सवलत दिली आहे. सवलतीचा हेतू समजू शकतो. तथापि आपल्या पदवीपूर्व वर्गातली बहुतेक मुले अठराच्या आतलीच आहेत, आणि ‘शैक्षणिक काम’ हा शब्द फार ऐसपैस आहे.

हे सारे लिहिण्याचे कारण असे की, आमच्या विज्ञान मंडळाच्या बैठकीत शरीररचनेच्या अभ्यासासाठी असे काही संच घ्यावेत अशी सूचना पुढे आली आहे. सूचना चांगली आहे आणि माझा तिला पाठिंबा आहे. बेडूक न कापता हृदय आतून पाहायला मिळत असेल तर कोणाला नको? पण बैठकीत चर्चा झाली ती किमतीवर, हमीच्या मुदतीवर आणि कपाटाची किल्ली कोणाकडे राहावी यावर. विक्रेत्याला आणखी काही विचारले पाहिजे. हालचालींच्या नोंदी संचातच राहतात की बाहेर जातात? इंटरनेट तोडून पाठ चालतो का? विद्यार्थ्याच्या नावाचे खाते लागते का, की महाविद्यालयाच्या एकाच खात्यावर भागते? वर्ष संपल्यावर नोंदी पुसता येतात का, आणि पुसल्या हे आम्हाला कसे कळेल? उत्तर तोंडी नको, लेखी हवे. जो विक्रेता या प्रश्नांना हसेल त्याचा माल घेऊ नये. जो ‘विचारून सांगतो’ म्हणेल त्याला आठ दिवस द्यावेत.

आणि संच आलेच, तर त्यांच्याशेजारी एक साधी दोनशे पानी वही टांगून ठेवावी, दोरीला बांधलेल्या पेनासह. कोणाला किती मिनिटांत चक्कर आली, कोणाच्या चष्म्यावर पेटी बसेना, कोणाच्या वेणीत पट्टा अडकला, कोणाला सगळे अंधूक दिसले, हे ज्याचे त्याने लिहावे. ज्याला नाव घालायचे नसेल त्याने घालू नये. सत्राअखेर त्या वहीची प्रत कंपनीला पाठवावी. मराठीतल्या नोंदी मराठीत, कन्नडमधल्या कन्नडमध्ये. भाषांतराचा खर्च त्यांनी करावा.